पप्पांना मी बाहेर उभं केलं

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, पास्टरांजवळ नाही — आणि प्रार्थनेतही नाही. प्रार्थनेत हा विषय जवळ यायला लागला की मी पटकन दुसऱ्या कुणासाठी तरी मागायला लागते. शेजारणीचा गुडघा, पोराची परीक्षा, काहीही. तुमच्याजवळ का बोलतेय? नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढंच असेल.

माझं नाव सुवार्ता. पप्पांनी ठेवलेलं. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी — आणि मी घरात कोणती बातमी आणली, ते पुढं येईलच.

पप्पा चिकलठाण्याच्या एका कंपनीत फिटर होते. रविवारी जुन्या चर्चमध्ये भजनाला ढोलकी वाजवायचे. आमच्या भिंतीला भिंत लागून कमलमावशींचं घर. त्या बौद्ध. भीमजयंतीला पप्पा ढोलकी घेऊन त्यांच्या मिरवणुकीत, आणि नाताळात कमलमावशी आमच्या ओट्यापाशी करंज्या तळायला. यात काही विशेष आहे असं लहानपणी मला कधी वाटलं नाही. देवाचं राज्य म्हणजे काय, असं मी पप्पांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, झाड आहे गं ते. मोहरीएवढ्या दाण्याचं झालेलं. येईल ते पाखरू फांदीवर बसतं. कोण कुठून आलं, हे झाड कशाला विचारतंय? आणि हसत म्हणाले, कमलताई तर माझ्याआधी पोचेल तिथं, तिची चाल माझ्यापेक्षा भरभर आहे.

लग्न होऊन मी बजाजनगरला आले. माझा नवरा प्रकाश वाळूजला कामाला. त्याच्या घरचे सगळे एका नव्या मंडळीत, म्हणजे वेगळ्या चर्चमध्ये, जात. एका वर्कशॉपच्या वरचा हॉल होता. रविवारी मशीन बंद असत, पण ऑइलचा वास जिन्यातून वर यायचा. ती माणसं वाईट होती असं कृपा करून समजू नका. माझा मुलगा तापानं फणफणला तेव्हा पाळी लावून त्यांनी आमच्या घरी स्वयंपाक केला. पास्टर स्वतः दवाखान्यात बाकावर बसून होते. मी तिथं हौदात उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेतला, आणि वर आले तेव्हा रडले — ते रडणं खरं होतं.

पण त्यांचं शिकवणं वेगळं होतं. राज्याला एकच दार. जाणत्या वयात, पूर्ण पाण्यात बुडून, नव्यानं जन्मलेला माणूसच त्या राज्याचा. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर जुन्या चर्चमध्ये पाद्रीसाहेबांनी शिंपडलेलं पाणी त्यांच्या लेखी पाणीच नव्हतं. म्हणजे पप्पा? आई? मी हे माहेरी जाऊन बोलायचे. रविवारच्या जेवणावर वाद व्हायचा. पप्पा चिडायचे नाहीत. दार आहे म्हणतेस, तर असेल, म्हणायचे, पण त्याची कडी तुमच्या पास्टरकडं कशी गेली?

मग पप्पा गेले. कंपनीतून आले, बूट काढायला बसले आणि गेले. जुन्या चर्चच्या पाद्रीसाहेबांनी कबरेपाशी सांगितलं, आपला बंधू पित्याच्या राज्यात गेला. आमचे पास्टरही आले होते. हात बांधून उभे राहिले. काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं मी घरी घेऊन आले.

आई एकटी पडली. तिनं आमच्या मंडळीत यावं असं मला वाटायला लागलं. प्रेमापोटी — हो, थोडं प्रेमापोटीही. पण दर रविवारी कुणीतरी विचारायचं, आई अजून आल्या नाहीत का हो? त्याची लाज वाटायची. आणि अजून एक गोष्ट होती. तिथं साक्ष द्यायची, म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची, वेळ आली की बायका उठून सांगायच्या, मला हे दिसलं, मला ते ऐकू आलं. मला कधीच काही दिसलं नव्हतं. एवढी वर्षं डोळे मिटून बसले, पण आत नुसता पंख्याचा आवाज. मी उठायचे ते पोराचा ताप उतरला एवढंच सांगायला. लोक माना डोलवायचे आणि पुढच्या बाईकडं बघायचे. तुम्हाला असं कधी झालंय का — की सगळ्यांना येतंय आणि आपल्यालाच येत नाही?

मग एका रविवारी आई आली. नातवासाठी आली होती, मागच्या खुर्चीवर बसली. आणि मी साक्षीला उठले.

मी स्वप्न सांगितलं. मोठा उजळलेला मंडप, आत लग्नाची पंगत, गाणी. दार बंद होतंय. बाहेर अंधारात एक माणूस उभा. जवळ जाऊन बघते तर माझे पप्पा. ते दार वाजवत नाहीत. हाक मारत नाहीत. नुसते दाराकडं तोंड करून उभे आहेत.

असलं कोणतंही स्वप्न मला पडलं नव्हतं.

आदल्या दिवशी भांडी घासता घासता मी ते रचलं होतं. एकेक तुकडा लावून बघितला होता. भावनेच्या भरात तोंडातून निघून गेलं, असं म्हणायलाही मला जागा नाही. त्यात अजून एक तुकडा होता — पप्पांच्या शर्टाची बटणं एक घर खाली लागलेली, चुकून लावल्यासारखी. ते कधी तसे राहायचे नाहीत, फार टापटिपीचे होते. म्हणूनच तो तुकडा मी घातला होता, ऐकणाऱ्याच्या पोटात तुटावं म्हणून. पण उभी राहिल्यावर तो मला जास्तीचा वाटला. मी तो गाळला. बटणांचं मी कुणालाही सांगितलं नाही. हे लक्षात ठेवा.

हॉलमध्ये सगळे माझ्याकडं बघत होते. पहिल्यांदाच. नंतर पास्टरांनी मला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, "ताई, खरंच असं दिसलं?" त्या माणसानं मला परत फिरायला वाट दिली होती. मी म्हणाले, "व्हय."

आईला सोडायला मी रिक्षातून निघाले. क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा बाहेर बघत तिनं विचारलं, "थंडी होती का गं तिथं?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"अंगात स्वेटर नव्हता?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्या वेळी सांगता आलं असतं ना? सिग्नल सुटायला वेळ होता.

मला वाटलं होतं, आता ती घाबरून आमच्याकडं येईल. ती आली नाही. तिनं जुन्या चर्चमध्ये जाणंही सोडलं. मग उन्हाळ्यात कमलमावशींचा फोन आला. म्हणाल्या, "सुवार्ता, तुझी आई दुपारची दारात उभं राहून बोलती बघ. लई हळू बोलती. समोर कुणी नसतं."

मी गेले. भर दुपार होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, घराघरांतून कूलरचा आवाज. आमचं दार सताड उघडं, आणि उंबऱ्याच्या आत आई उभी. बाहेर कुणाशी तरी बोलत होती — भाजीवाल्याशी बोलावं इतकं साधं. मला बघून जराही दचकली नाही.

"आत या म्हणते तर येत नायत," ती म्हणाली. "तू म्हणलीस तसंच. नुसतं उभं राहतात. आणि शर्टाची बटणं बघ कशी लावलीत. एक घर खाली. माझ्याशिवाय त्यांना कधी जमलंच नाय."

बाहेर ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. मी तिच्या खांद्यावरून गल्लीत पाहिलं. कुणी नव्हतं. रिकामी पांढरी गल्ली. पण मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. का टाकलं नाही? जे मी रचलं आणि बोललेही नाही, ते तिला कुठून दिसलं? कितीतरी दिवस मी स्वतःला विचारलं, की पप्पा कधी तरी तसे दिसले असतील आणि दोघींच्याही मनात राहिलं असेल? आठवत नाही. मला एवढंच आठवतं, की त्या दुपारी पहिल्यांदा माझ्या मनात आलं — मी खोटं बोलले खरी, पण ते आता खोटं राहिलंय का? आणि या विचाराचा मला आधार वाटला. तेच मला जास्त बोचतं.

आईनं दार लावलं, मला पाणी दिलं आणि सांगितलं, "मला त्या मंडपाच्या आत जायचं नाय, सुवार्ता. ते बाहेर असतील तर मीबी बाहेरच."

मी शास्त्रातलं काय काय बोलले. बाहेर अंधार आहे, रडणं आहे. ती ऐकत राहिली. मग भिंतीकडं हात करून म्हणाली, "ही कमलपण बाहेरच का?" मी पेला खाली ठेवला. "मग बाहेर ओळखीची बरीच माणसं हायत की."

जुन्या चर्चचे पाद्रीसाहेब प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेऊन घरी आले. मी त्या दिवशी तिथंच होते. आईनं भाकर घेतली नाही. त्यांनी फार मायेनं समजावलं. राज्य म्हणजे भिंतींचं घर नाही, त्याला आत-बाहेर नसतं, ते आपल्यामध्ये आधीच सुरू झालंय, पुरतं यायचं मात्र आहे. तुमच्या मालकांनी तर त्यातच आयुष्य काढलं. आई म्हणाली, "साहेब, तुम्ही सांगता ते पुस्तकातलं. माझ्या पोरीनं डोळ्यानं बघितलंय. ती खोटं नाय बोलत."

मी आत चहा गाळत होते. गाळला, कपात भरला, बाहेर नेऊन दिला. साखर पुरे का, असंही विचारलं.

इकडं हॉलमध्ये माझा मान वाढला होता. बायका मला गाठून विचारायच्या, आमच्या माणसाचं काही दिसतं का? एकीचं बाळ जन्मतःच गेलं होतं. मंडळीच्या शिकवणीनं त्याचं काय, हे तिला कुणी नीट सांगत नव्हतं. मी डोळे मिटले आणि म्हणाले, आत आहे. ती माझ्या पायाशी बसून रडली. इतकं सोपं होतं ते. मग पप्पांसाठी का नाही म्हटलं? एकच शब्द होता. पण तो म्हटला असता तर आधीचं सगळं पडलं असतं, आणि मी पुन्हा ताप उतरल्याची साक्ष देणारी बाई झाले असते.

आई आजारी पडली ती पावसाळ्याच्या शेवटी. सरकारी दवाखान्यात खाट मिळाली. पास्टर आले, पाद्रीसाहेब आले. दोघांनाही तिनं हात जोडले आणि प्रार्थना नको म्हणाली. जिनं आयुष्यभर घासही प्रार्थनेशिवाय घेतला नाही, तिनं. भीती वाटते का, मी विचारलं. ती म्हणाली, थोडी. अंधाराची.

एका दुपारी आम्ही दोघीच होतो. मी सुरुवात केली. "आई, ते स्वप्न—"

तिनं माझं मनगट धरलं. "माहितीय. तुला लई जड गेलं असंल सांगायला. पण बरं केलंस. नायतर मी आत जाऊन त्यांना हुडकत बसले असते."

वाक्य तयार होतं. ओठांवर होतं. मी तिला पाणी पाजलं.

शेवटच्या दिवशी तिची नजर वॉर्डच्या दाराशी लागून राहिली. पलीकडच्या खाटेवरची बाई मला म्हणाली, त्या सारखं दाराशी कोण उभंय बघा म्हणतायत. आईची बोटं चादरीवर हलत होती — वरून खाली, एकेक करून, कुणाची तरी बटणं नीट लावावीत तशी. शेवटपर्यंत आली आणि थांबली.

आता जे सांगायचं राहिलंय ते सांगते. खरं तर मी ज्यासाठी बसले ते हेच आहे. वरचं सगळं सांगताना मी याच्याभोवती फिरत होते.

पुढच्या रविवारी मी हॉलमध्ये गेले. पास्टरांनी काही विचारलं नाही. पण पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं मायेनं विचारलं, "ताई, आईचं काही दिसलं का?" सगळे वळून बघायला लागले. मला माहीत होतं आईनं काय निवडलं होतं. ज्याच्या भीतीनं माणसं गुडघे टेकतात तिथं ती स्वतःच्या पायानं निघाली होती, एका माणसाला सोबत म्हणून. मी एवढं तरी म्हणायला हवं होतं, की ती त्यांच्याजवळ आहे.

मी म्हणाले, "दिसलं. आई आत आहे. पंगतीत बसलीय."

हॉल हालेलुयानं भरून गेला. म्हातारीनं माझा हात कपाळाला लावला.

तेव्हापासून मी विचारणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगते. कुणाचा दारुडा भाऊ, कुणाची हिंदू आजी, कुणाचा गळफास घेतलेला मुलगा — आत, आत, आत. पास्टरांना हे पटत नाही, पण ते मला तोडत नाहीत. माझ्या शब्दानं कितीतरी माणसं आत गेली आहेत. बाहेर मी एकाच माणसाला ठेवलंय, आणि त्याच्या सोबतीला निघालेली बाईही मी वाटेतून ओढून आत नेली. परवाही साक्षीला उभी राहिले. पप्पांचं नाव काढलं नाही.