वायरमनबाईंची इरली

वायरमनबाईंच्या अंबाड्यात कायम दोन गोष्टी खोचलेल्या असायच्या, अबोलीचा गजरा आणि टेस्टर. नवखा माणूस आधी गजरा बघायचा, 'काय मावशी, कुठे निघालात' असं काहीतरी घरगुती बोलायला लागायचा, आणि बाई वळल्या की टेस्टर दिसून त्याचं वाक्य अर्ध्यावरच राहायचं. बाईंना ही गंमत ठाऊक होती. मला तर वाटतं, त्या मुद्दामच वळायच्या.

त्यांचं नाव सुलोचना, पण ते रेशनकार्डापुरतं. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या टापूत त्या वायरमनबाईच. आयटीआयच्या वर्गात मुलगी म्हणून एकट्या बसलेल्या, मग भातसानगरच्या वसाहतीत नोकरी, खांबावर चढण्यापासून सगळं केलेलं. निवृत्त होऊन त्या गावच्या बौद्धवाडीत परत आल्या होत्या. त्या काळात वायरमन व्हायचं सुचलं कसं, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "माझ्या आज्याला दिव्यापुरता तेल बी दुसऱ्याच्या दारात उभा ऱ्हावून मागावा लागायचा. दारात हां, आत नाय. मंग मी ठरवला, आपुन असा दिवा शिकायचा का लोकांनीच आपल्याला घरात बोलवून 'बाई, लावून द्या' म्हनला पायजे." एवढं बोलून त्या हसल्या आणि चहात बिस्कीट बुडवत राहिल्या.

मी घाटावरचा. इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो, त्याच पावसाळ्यात शाळेचा मेन स्विच सारखा पडायला लागला. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं आणि 'विज्ञानाचे सर' म्हणून मला त्यांच्या मदतीला उभं केलं. मी बोर्डापासून चार हात लांब उभा. बाईंनी मागे न बघता विचारलं, "विज्ञानाचे मास्तर तुमीच ना?"

"हो."

"मंग बोर्डाला पाव्हन्यासारखा लांबून काय बघता? या की."

खरं सांगायचं तर फळ्यावर मी वर्षानुवर्षं विद्युतप्रवाह शिकवला होता, पण स्विचबोर्ड एकदाही उघडला नव्हता. बाईंनी उघडला. आत मुंग्यांनी घर केलं होतं. बाईंनी त्यांना कुंच्याने हळूच बाहेर काढलं, एकही मारली नाही. "त्यांना बी पावसात कोरडी जागा पायजे," म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांचा चेला झालो. 'तुमी'वरून 'तू'वर यायला त्यांना आठवडासुद्धा लागला नाही.

आता इरल्याकडे येतो, कारण बाईंचं खरं मोठेपण मला त्यात दिसलं. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात दाबून बसवलेली पळसाची पानं. डोक्यावरून घेतलं की कमरेखालपर्यंत पाठ झाकते आणि दोन्ही हात आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, मोकळे राहतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती उपडी टोपलीच वाटली होती. आता बहुतेकजणी प्लास्टिक पांघरतात, पण आमच्या रस्त्यालगतच्या कातकरी वाडीतल्या बायकांनी इरलं सोडलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या खाचरांत वाकून त्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेने रांगेत घरी जायच्या.

एका पावसाळ्यात त्यांच्यातल्या कमळीला मागून जीपचा धक्का लागला. जीव वाचला, पण पाय कायमचा वाकडा झाला आणि आवणी सुटली. जीपवाला रडकुंडीला येऊन सांगत होता, की पावसात, तिन्हीसांजेच्या त्या अंधारात त्याला कडेला दगड असल्यासारखं वाटलं. बाई कमळीला बघून आल्या आणि माझ्याशी बोलल्या, पण जणू स्वतःशीच. "इरल्यातलीला मागचा दिसत नाय, मागच्याला इरल्यातली दिसत नाय. बाईमानूस दगड कसा वाटतो रे मास्तर?" पुढचे चार दिवस त्या कुणाच्या घरी वायरिंगला गेल्या नाहीत.

पाचव्या दिवशी त्यांनी मला एक इरलं दाखवलं. कामट्यांच्या विणीतून ट्यूबलाइटच्या जुन्या चोकमधली तांब्याची तार फिरवलेली, पानांच्या मधून बारीक बारीक दिवे डोकावत होते, आणि आतल्या बाजूला सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेले दोन सेल. बटण कुठेच नव्हतं. "चिखलाच्या हातानं बटन कोन दाबल?" म्हणत त्यांनी तांब्यातलं पाणी इरल्यावर शिंपडलं आणि दिवे लागले. माथ्यावर तारेची दोन उघडी टोकं होती, त्यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. मध्ये पाणी आलं की पुलावरून जावं तसा प्रवाह पलीकडे जायचा, एक ट्रान्झिस्टर जागा व्हायचा आणि दिवे पेटायचे. पाऊस थांबून वारा लागला की टोकं वाळायची आणि दिवे आपोआप विझायचे, म्हणजे सेलही वाचायचे. मी थक्क झालो. हे सगळं माझ्या पुस्तकातच होतं की! फक्त पुस्तकात ते कुणाच्या पाठीवर नव्हतं.

पण बायकांनी ते इरलं घेतलं नाही. बाईंनी दिवे लाल लावले होते, एका सरळ ओळीत. वाडीतली ताराबाई, जिच्या तोंडाला अख्खा गाव वचकून असतो, ती इरलं उलटसुलट करून बघत म्हणाली, "बाय, आमी काय ट्रक हाव?"

सगळ्या खो खो हसल्या. मला राग आला. एवढं कष्टाने केलेलं! बाईंना राग आला नाही. परतताना त्या म्हणाल्या, "बरोबर बोलली ती. मी फक्त गाडीवाल्याला विचारला, तुला काय दिसला पायजे. पाठ जिची हाय तिला विचारलाच नाय."

मग त्या पुन्हा वाडीत गेल्या आणि एकेकीला विचारत बसल्या, की तुझ्या पाठीवर काय पाहिजे. ताराबाईने बगळा मागितला. कुणी भाताची ओंबी, कुणी खेकडा. एकीला नाग हवा होता, दारू पिऊन येणारा नवरा लांबूनच घाबरला पाहिजे म्हणून. सखूने एसटी मागितली. "आमच्या वाडीला थांबत नाय ना ती," सखू म्हणाली, "मंग निदान पाठीवर तरी असूं दे." बाईंनी ते सगळं गंभीरपणे वहीत काढून घेतलं. अकरा इरली त्यांनी एका उन्हाळ्यात आणि निम्म्या पावसाळ्यात केली. नागाची जीभ नीट येईना म्हणून तो तीनदा उसवला. ओंबीतले दाणे पिवळे हवेत म्हणून पिवळे दिवे शोधत कल्याणची दुकानं पालथी घातली. मी म्हटलं, "मावशी, गाडीवाल्याला पिवळा काय नि पांढरा काय?" तर म्हणाल्या, "गाडीवाल्याला नाय, ओंबीवालीला."

पहिल्यांदा ती इरली एकत्र रस्त्यावर आली त्या संध्याकाळी मी शाळेतून परतत होतो. धो धो पाऊस. माझ्या मागून एक ट्रक आला आणि त्याचा वेग आपोआप कमी झाला. कडेने कमरेएवढ्या उंचीवर एक बगळा चालला होता, त्याच्यामागे खेकडा, मग ओंबी, मग नाग आणि सगळ्यांत शेवटी एसटी. ट्रकवाल्याने काच खाली करून बघितलं. मी गाडी थांबवून पावसात उभा राहिलो आणि मला, का कुणास ठाऊक, फार अभिमान वाटला. माझा त्यात काडीचाही हात नव्हता.

घोटाळे झालेच. इथे इरलं चुलीवर टांगतात, धुराने कीड लागत नाही म्हणून. खेकडेवालीच्या घरी भात शिजत होता, वाफ वर गेली, माथ्यावरच्या टोकांना पाणी सुटलं आणि भर घरात खेकडा पेटला. सासूने आधी पळी फेकून मारली, मग मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. बाई स्वतः जाऊन म्हातारीच्या पायाशी बसल्या. "आजे, तू बरोबर हायस," म्हणाल्या, "करंट खोटा बोलत नाय. वाफ बी पानीच. चूक माझी, मी सांगाया पायजे होता." तेव्हापासून इरलं टांगण्याआधी सेल काढून ठेवायची रीत पडली. 'करंट खोटा बोलत नाय' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काही बिघडलं की आधी तारेवर, मग स्वतःवर आणि सगळ्यांत शेवटी दुसऱ्यावर संशय घ्यायचा, हा त्यांचा क्रम होता. मी आजवर भेटलेली बाकी सगळी माणसं, मी धरून, उलट्या क्रमाने जातात.

गेल्या पावसाळ्यात बाई आजारी पडल्या. फुप्फुसाचं दुखणं. खाट धरली, हात कापायला लागला, सोल्डरिंग सुटलं. त्याच दिवसांत मी एका संध्याकाळी मोटरसायकलवरून येत असताना वळणावर कचकन ब्रेक मारावा लागला. हातभर अंतरावर ताराबाई उभी. पाऊस नुकताच थांबला होता, वारा सुटला होता आणि बगळा विझलेला होता. "गुरजी," ती ओरडली, "डोळं शालेत ठेवून आलाव का?"

तसाच बाईंकडे गेलो आणि सांगून टाकलं. सांगायला नको होतं, असं नंतर कितीदा तरी वाटलं. बाईंनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "पाऊस थांबतो, काळोख थांबत नाय. येवढा साधा मला कळला नाय रे." दुसऱ्या दिवशी त्यांनी रिक्षा मागवली. मी नको म्हणत असताना धापा टाकत वाडीत गेल्या आणि अकराजणींना समोर बसवून सांगितलं, की माझं काम चुकलंय, पाऊस नसला तर तुम्ही दिसत नाही, जपून चाला, मी दुरुस्त करून देते.

दुरुस्ती त्यांनी डोक्यात पक्की केली होती. अंधार पडला की आपोआप दिवा लावणारा एक छोटा सेन्सर मिळतो, तो प्रत्येक इरल्यात जोडायचा. मी कल्याणहून एक डबीभर आणले. जोडायचे मी, सांगायचं खाटेवरून त्यांनी. माझ्या हाताने पहिल्याच दिवशी दोन पानं जळाली आणि एक बोट. "घाई नको करू," त्या म्हणायच्या आणि लगेच विचारायच्या, "आज किती झाली?" पंधरा दिवसांत एकच इरलं झालं, तेही सखूची एसटी. बाईंची झोप उडाली होती. डॉक्टरांनी बोलू नका म्हटलं होतं. त्या बोलायच्या नाहीत, पण संध्याकाळ झाली की दाराकडे बघत राहायच्या आणि सगळ्या घरी पोचल्याचा फोन आल्याशिवाय औषधही घ्यायच्या नाहीत. मला त्यांच्या आजारापेक्षा त्या नजरेचीच भीती वाटायची.

ते एक झालेलं इरलं घेऊन मी वाडीकडे निघालो. पाऊस नव्हता, दिवेलागण होत होती. वळणाच्या अलीकडे रस्त्याखालून पाणी जाणारी मोरी आहे, तिथे बायका थांबल्या होत्या. बघतो तर ताराबाई डब्याच्या झाकणाने मोरीतलं पाणी काढून पुढचीच्या पाठीवर सपासप मारत होती. खेकडा लागला, ओंबी लागली, नाग लागला. बायका किंचाळत होत्या, हसत होत्या, शिव्या देत होत्या.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"बाय येवून गेली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून," ताराबाई म्हणाली. "तिनंच नाय का सांगितला, पानी लागला का पेटतो? मंग पानी काय वरनंच यायला पायजे?"

मोरीपासून वाडी पाच मिनिटांवर. तेवढा वेळ टोकं ओली राहत होती, आणि धोक्याचं वळण तेवढ्यातच होतं. सखूची एसटी तिच्या हातात देऊन मी आल्या पावली फिरलो आणि बाईंना सांगितलं. वाटलं, त्या हसतील. त्या हसल्याही, अगदी ठसका लागेपर्यंत. मग एकदम थांबल्या आणि माझं मनगट धरलं.

"सगल्यांच्या पाठीवर ताराबाय पानी मारते?"

"हो."

"मंग तिच्या पाठीवर कोन मारतो?"

मी ते बघितलंच नव्हतं. पंधरा वर्षं विज्ञान शिकवणारा मी, पेटलेले दिवे बघून परत आलो होतो. "उद्या जा," त्या म्हणाल्या. "बघून ये. अंदाज नको सांगू."

दुसऱ्या संध्याकाळी मी मोरीवर त्यांच्या आधी जाऊन बसलो. बायका आल्या. ताराबाईने नेहमीप्रमाणे झाकण भरलं आणि सखूच्या पाठीवर मारलं, तिची एसटी आता आपोआप लागत असली तरी. पण मग ते झाकण सखूने घेतलं, भरलं आणि ओंबीवालीच्या पाठीवर मारलं. ओंबीवालीने पुढचीच्या. बायका रांगेत उभ्याच नव्हत्या. मोरीतल्या पाण्याभोवती गोल उभ्या होत्या, प्रत्येकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे. झाकण फिरत फिरत अकराव्या बाईकडे आलं आणि तिने ते ताराबाईच्या पाठीवर रिकामं केलं. बगळा लागला. मग त्या कडेने घराकडे निघाल्या.

मी जे पाहिलं ते बाईंना पाहिलं तसंच सांगितलं, एकही शब्द न वाढवता. शेवटची अशी कुणी नाही मावशी, म्हटलं, गोल करतात. बाईंनी डोळे मिटले. उशीवर त्यांचं बोट हळूच गोल फिरलं, तार जिथून निघाली तिथेच परत आणून जोडावी तसं.

"सर्किट पुरा हाय मंग," त्या म्हणाल्या. "आता तू काय जोडू नको. तुझ्या हातानं बिघडल."

मी सोल्डरिंगची पेटी बंद केली. एवढ्या मोठ्या कारागिराला आपलं काम दुसऱ्यांच्या हातात गेलेलं पाहून इतका आनंद झालेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि पुन्हा पाहीन असं वाटत नाही.

त्यानंतर वायरमनबाई बारा दिवस होत्या. त्या बारा दिवसांत त्यांनी माझ्या बायकोची चौकशी केली, शाळेच्या बोर्डातल्या मुंग्यांची चौकशी केली, आणि संध्याकाळी शांत झोपल्या. इरल्यांबद्दल मात्र त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.