मधलं शटल कुणाचं?

कियो मुराओका बॅडमिंटन बरं खेळायची, पण माफी फार सुंदर मागायची. शटल जाळीत अडकलं की माफी, रेषेबाहेर गेलं की माफी, आणि जोडीदारीण रित्सुच्या हातून चुकलं तरी माफी हिचीच. एकदा समोरच्या मुलीचा फटका सरळ हिच्या कपाळावर बसला, तेव्हा कपाळ मध्ये आणल्याबद्दल हिने त्या मुलीची माफी मागितली होती.

तोयामाच्या आखाताकाठचं गाव, वडिलांची मासेमारीची होडी. तेराव्या वर्षी ती शाळेच्या संघात गेली, आणि पहिलं वर्ष सगळ्या नव्या मुलींचं जातं तसं शटल वेचण्यात आणि फरशी पुसण्यात गेलं. रित्सु तोकुनागा तिच्याहून एका वर्षाने पुढे. एकाच वर्षाने, पण पुढे म्हणजे पुढे. पहिल्याच दिवशी कियो डबा विसरली, तर रित्सुने आपल्या भाताच्या गोळ्यातला अर्धा तिला दिला, तोही आतल्या खारवलेल्या आलूबुखारासकट. आलूबुखार हा गोळ्याचा जीव असतो, तो कुणी कुणाला देत नाही. त्या दिवसापासून कियोच्या लेखी देव आणि रित्सु-सान, म्हणजे आपल्याकडच्या रित्सुताई, यांच्यात फारसं अंतर उरलं नाही. चालताना, पळताना ती रित्सुच्या अर्धं पाऊल मागेच असायची.

शाळा संपल्यावर दोघी गावातल्या हामानोंच्या मासळीच्या वड्यांच्या कारखान्यात लागल्या, कारण कारखान्याचा स्वतःचा बॅडमिंटन संघ होता. लग्नात वाटायला त्याच वड्यांच्या पिठाचे मोठाले मासे बनत. सकाळी त्यांच्यावर रंगीत पीठ पिळून खवले काढायचे, डोळे लावायचे, आणि दुपारी रॅकेट हातात घ्यायची. कियोच्या हातचे मासे जरा ओशाळलेले दिसतात, असं पॅकिंगच्या बायका म्हणायच्या.

दुहेरीत या जोडीचं एकच दुखणं होतं. दोघींच्या बरोबर मध्ये पडलेलं शटल कुणी घ्यायचं? शास्त्र सांगतं, डावीकडे उभी असेल तिने, आणि डावीकडे कियो असायची. पण थोरल्या मुलीच्या पुढ्यातून शटल उचलायचं म्हणजे थोरल्याच्या ताटातला घास उचलण्यासारखं. म्हणून कियो ते रित्सुसाठी सोडायची. रित्सु शास्त्राप्रमाणे कियोसाठी सोडायची. शटल बिचारं दोघींच्या मधोमध खाली पडायचं आणि कियो माफी मागायची. ही गोष्ट लीगमधल्या सगळ्या संघांना ठाऊक झाली होती. काही सुचलं नाही की मध्ये मारा, बाकीचं त्या दोघी बघतील.

प्रशिक्षक ओबाता कपाळ बडवून घ्यायचे. शेवटी त्यांनी नियम काढला: एक माफी, कोर्टाभोवती एक फेरी, आणि जोडी आहे तर दोघींनी.

"माझ्यामुळे तुम्हाला पळावं लागतंय," पळता पळता कियो म्हणाली. "माफ करा, रित्सु-सान."

"अजून एक," ओबाता बाकावरून म्हणाले.

"अगं, गप्प बस ना," रित्सु म्हणाली.

"हो. माफ करा."

"अजून एक."

अशा चाळीस-चाळीस फेऱ्या रोज. नियमाने माफी काही सुटली नाही, पण दोन वर्षांत अख्ख्या लीगमध्ये यांच्याइतका दमसास कुणाचा राहिला नाही. समोरच्या जोड्या तिसऱ्या गेममध्ये जीभ बाहेर काढायच्या आणि या दोघी नुकत्याच झोपून उठल्यासारख्या दिसायच्या. पुढची दहा वर्षं या जोडीने जे काही जिंकलं ते त्याच जोरावर. त्यात शास्त्राचा काही संबंध नव्हता.

मग एका वर्षी संघ तळाला आला. मालक हामानो जिमखान्यात आले, छताकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "खालच्या गटात घसरलात तर संघ बंद. मला शीतगृहाला जागा हवीच आहे." संघ बंद झाला की रित्सुची बदली नागोयाच्या दुकानात होणार, हे ठरल्यात जमा होतं. कियोला घसरण्याचं एवढं वाटत नव्हतं. रित्सुविना आपण सकाळी उठायचं तरी कशासाठी, हेच तिला कळेना. तीस वर्षांची बाई माशांना डोळे लावता लावता रडायची.

शेवटची लढत गावातच झाली. दोन सामन्यांनंतर संघांची एक-एक बरोबरी, आणि निकाल लावायला या दोघी. तिसऱ्या गेमआधी ओबातांनी कियोला बाजूला घेतलं.

"मधलं शटल तुझं. घ्यायचं, आणि ओरडायचं."

"काय ओरडू?"

"हट."

"रित्सु-सानना?" कियोचा चेहरा पडला. "'जरा बाजूला होता का' असं म्हटलं तर?"

"तेवढं म्हणेपर्यंत शटल खाली पडून थंड होतं, बाई."

वीस-एकोणीस झाले. एक गुण हवा होता. समोरच्या मुलींनी नेहमीचं केलं. शटल उंच गेलं आणि दोघींच्या बरोबर मध्ये यायला लागलं. रित्सुने कियोकडे बघितलं. कियोला नागोयाची गाडी दिसली.

"हट, रित्सु!"

कारखान्याच्या बायकांचा ढोल थांबला. रित्सु टुणकन मागे सरकली. कियोने जीव खाऊन स्मॅश मारला, आणि तो कुठे गेला हे न बघताच मागे वळून, जाळीकडे पाठ करून, कमरेतून वाकली.

"माफ करा, रित्सु-सान, माझी जीभ—"

पलीकडच्या मुलीने तो स्मॅश कसाबसा परत ढकलला होता. पण समोर चेहऱ्याऐवजी वाकलेली पाठ बघून दोघी जागच्या जागी खिळल्या. शटल आखूड आलं. रित्सु पुढे झेपावली आणि कियोच्या पाठीवरून तिने ते खाली हाणलं.

"हरलो ना?" वाकूनच कियोने विचारलं.

"जिंकलो. ऊठ." रित्सुने तिला दंड धरून सरळ केलं. "सतरा वर्षं वाट बघतेय मी."

"जिंकायची?"

"तू हट म्हणायची. घरी आई म्हणते, भाऊ म्हणतो, मांजरसुद्धा पायाने ढकलतं. एक मैत्रीण तेवढी म्हणत नव्हती."

मैत्रीण. कियोला वाटायचं आपण नुसत्या मागून चालणाऱ्या. तिला हुंदकाच आला.

"माफ करा," ती म्हणाली.

बाकावरून ओबातांनी दोन बोटं वर केली.

अख्ख्या गावादेखत दोघी पळायला लागल्या. अर्ध्या फेरीतच रित्सुला धाप लागली, रडण्याने असेल नाहीतर हसण्याने. कियो तिच्या शेजारी आली, आणि मग अर्धं पाऊल पुढे गेली.

"हळू ना गं," रित्सु म्हणाली.

"तू पाय उचल," कियो म्हणाली.