मनमायाबाईची चोवीस तारीख

मी भालचंद्र किनखेडे. भोपाळच्या भेल कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालो आणि मग बरखेड्यातल्या आमच्या सह्याद्री स्नेहमंडळाचा सेक्रेटरी झालो. माझा आवाज मोठा आहे असं लोक म्हणतात. अहो, सगळी हयात टर्बाइनच्या शॉपमध्ये काढलेल्या माणसानं काय कानात कुजबुजायचं? पण ते जाऊ द्या. सांगायचं आहे ते मनमायाबाईचं, आमच्या मंडळाच्या स्वयंपाकघराच्या मालकिणीचं. पगार मंडळ देतं हे खरं, पण त्या स्वयंपाकघरात तिला न विचारता पळी हलवायची कोणाची छाती नाही.

मनमाया थापा मूळची नेपाळची, बुटवलकडची. नवरा भेलच्या टाउनशिपमध्ये चौकीदार होता. तो गेला, तेव्हा ती मंडळात भांडी घासायला लागली. माझ्या बायकोनं, सरोजनं, तिला एकदा पुरण वाटायला बसवलं, आणि बघता बघता ही बाई अशी पुरणपोळी करायला लागली की आमच्या घरच्या पोळीला नाकं मुरडली जाऊ लागली. नाक मुरडणारा मीच. त्याचं फळ मी बरेच दिवस भोगलं.

मराठीही ती त्या चुलीपुढेच शिकली, त्यामुळे तिच्या मराठीला फोडणी भोपाळची. 'भात झाली', 'वरण उकळला', 'भाऊ, सिर्फ डोकं खाऊ नका, जेवा पण.' आमच्या बायका हसल्या की म्हणायची, "हसा, हसा. तुमची हिंदी ऐकून अख्खा भोपाल हसतो, मी बोलते का काही?"

एकदा मात्र भाषेनं तिला दगा दिला. ती सरोजला म्हणाली, "उद्या मला बिदा पाहिजे." नेपाळीत बिदा म्हणजे सुट्टी. सरोजला वाटलं, ही नोकरी सोडून निघाली! तिनं डोळ्यांना पदर लावला, घरी जाऊन कपाटातली चांगली साडी आणि नारळ आणला आणि मनमायाच्या हातात ठेवला. मनमायानं साडी ठेवून घेतली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर! तेव्हापासून तिनं तो शब्द सोडला आणि टाउनशिपच्या नोटिस बोर्डावरचा शब्द उचलला. बोर्डावर सुट्टीला 'अवकाश' लिहितात. सरकारी शब्द आहे, यात घोटाळा व्हायचा नाही, असं तिनं धरून ठेवलं.

सुट्टी तरी ती किती घ्यायची? दिवाळीला राबायची, गणपतीत तर दहाही दिवस. फक्त चोवीस एप्रिलला ती मंडळाच्या हॉलकडे फिरकायची नाही. लाल साडी नेसायची, तांदळाच्या पिठाची कडबोळ्यासारखी गोल गोड सेल रोटी तळायची आणि घरोघर वाटायची. त्या उन्हात हॉलवर काही कार्यक्रम नसायचाच, त्यामुळे कोणाचं अडायचं नाही. आम्ही रोटी खायचो, छान झाली म्हणायचो. कशाची म्हणून कोणी विचारलं नाही.

आणि आलं दोन हजार बारा साल. त्या वर्षी अक्षय तृतीया नेमकी चोवीस एप्रिलला. आमचे बाग सेवनिया वस्तीतले नरहर डबीर नातवाची मुंज घेऊन माझ्याकडे आले. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त, हॉल मोकळा, मी लगेच होकार दिला. मग स्वयंपाकघरात जाऊन मनमायाला सांगितलं, "चोवीसला मुंज आहे. दीडशे पान धर."

ती कणीक मळत होती. हात थांबवून म्हणाली, "भाऊ, चोवीसला अवकाश आहे."

आता तुम्हीच सांगा, मराठी माणसानं याचा काय अर्थ घ्यायचा? एप्रिलचा पहिला आठवडा चालू होता. चोवीसला चांगलाच अवकाश होता! मी म्हणालो, "आहे ना, चांगला अवकाश आहे. तू अगदी निवांत राहा."

तिचा चेहरा असा खुलला की बस. "भाऊ, तुम्ही देवमाणूस!" म्हणाली. दुसऱ्या दिवशी घरी आंब्याचं लोणचं आलं. मी सरोजला म्हटलं, बघ, कामाची केवढी हौस आहे बाईला. सरोज म्हणाली, "तुम्हाला देवमाणूस म्हणाली? काहीतरी चुकतंय."

तेवीस तारखेला सकाळी मी हॉलवर गेलो, भाज्या निवडून झाल्या का बघायला. स्वयंपाकघर लखलखीत आणि थंडगार. ना भाजी, ना डाळ भिजवलेली. मनमाया मागच्या पायरीवर बसून लाल साडीला फॉल लावत होती.

"अगं, उद्याची तयारी?"

"ही काय, चालू आहे," तिनं साडी वर करून दाखवली. "उद्या अवकाश. तुम्हीच तर दिला!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जो आवाज लावला तो पलीकडच्या पिपलानी वस्तीपर्यंत गेला असेल. डबीर धावत आले, मागोमाग त्यांच्या शालिनीवहिनी. झालं काय ते कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला आणि दिसेल त्या केटररला फोन लावायला सुरुवात केली. पण अक्षय तृतीया! शहरभर लग्नं. एकानं तर विचारलं, "काका, पुढच्या वर्षीची मुंज आहे ना?" दीडशे माणसं जेवायला येणार आणि चुलीवर पाणीसुद्धा नाही. डबीरांचा चेहरा पाहवत नव्हता.

मी मनमायाला म्हणालो, "हे बघ, तो घोळ झाला तो झाला. उद्याचं जेवण तुला करावंच लागेल."

"नाही भाऊ."

"मग किल्ली ठेव! उद्यापासून येऊ नकोस!"

तिनं कनवटीची किल्ली काढली, माझ्यासमोर पायरीवर ठेवली आणि तिथेच बसून राहिली. ना रडणं, ना आरडाओरडा. "मी भांडत नाही," म्हणाली. "मी बसते." आणि सुई घेऊन पुन्हा फॉल लावायला लागली. भांडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं. बसणाऱ्या माणसाचं काय करायचं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

तेवढ्यात सरोज आली, माझा आवाज ऐकूनच. मला म्हणाली, "तुम्ही आधी तोंड मिटा." मग मनमायाच्या शेजारी पायरीवर टेकली. "मनमाया, असं काय आहे गं उद्या?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं. मनमायानं सुई साडीत खोचून ठेवली.

"उद्या आमच्याकडे लोकतंत्र दिवस," ती म्हणाली. "पूर्ण नेपाळला सुट्टी. सहा साल आधी मी भाचीच्या लग्नाला गेली होती ना, तेव्हा कर्फ्यू लागला. वरातच निघेना. राजानं सगळं आपल्या हातात घेतलेलं. मग लोक घराबाहेर यायला लागले. रोज. हातात काही नाही, दगड नाही, काठी नाही. माझी आई ऐंशीची. सगळी जिंदगी पुरुषांच्या मागून चालली. त्या दिवशी तिनं माझा हात धरला, म्हणाली, चल. आणि पुढे! सगळ्यात पुढे! मी घाबरली, आई नाही घाबरली. शेवटी राजानं माघार घेतली. गल्लीत एवढा अबीर, तुमचा तो गुलाल, उडाला की आई लाल, मी लाल, भाचीचा नवरा ओळखू येईना. पुढच्या साली आई गेली. मी या दिवशी काम नाही करत, ताई. या दिवशी मी आईबरोबर असते."

सरोजनं तिचा हात हातात घेतला. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "पण तुम्हा लोकांना पाहिजे काय होतं एवढं?"

मनमाया माझ्याकडे बघून हसली. "जास्त काही नाही, भाऊ. राजा एकटाच ठरवायचा. आम्ही म्हटलं, ठरवायच्या आधी आम्हाला विचार."

मग डबीरांच्या शालिनीवहिनी, ज्यांच्या नातवाची मुंज, त्या पदर खोचून मनमायाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या. डबीर कळवळून म्हणाले, "अगं शालिनी, तू कुठे? आपली मुंज आहे!"

"मुंज होईल," वहिनी म्हणाल्या. "मनमाया उद्या पाहुणी म्हणून येईल. माझ्याकडून आमंत्रण. आणि स्वयंपाक तुम्ही करा. एवढे कारखाने चालवलेत, वरण नाही शिजवता येत?"

आता आली का पंचाईत! पण इरेला पेटलो आम्हीही. निवृत्त फोरमन आणि इंजिनिअर अक्षय तृतीयेच्या पहाटे हॉलवर जमले. काय तो थाट! एक जण बटाटे सगळे एका मापाचे कापत बसला, जरा वाकडा बटाटा दिसला की बाजूला. दुसऱ्यानं शेगडीच्या ज्योतीवर भाषण दिलं आणि त्या भाषणात वरण खाली लागलं. डबीरांनी मठ्ठ्यात मीठ घातलं, मग मी घातलं, मग आणखी कोणीतरी घातलं. जिलबी तेवढी हलवायाकडून आणली, म्हणून अब्रू वाचली. सरोज दोनदा दारात येऊन गेली आणि दोन्ही वेळा तोंडाला पदर लावून परत फिरली. पण खरं सांगतो, शॉप सोडल्यापासून एवढी मजा मला आली नव्हती. सगळे घामाने निथळत होते, एकमेकांवर ओरडत होते आणि हसत होते.

मुंज मुहूर्तावर लागली. मंगलाष्टकं संपता संपता मनमाया आली. लाल साडी, कपाळावर अबीर, हातात सेल रोटीचा डबा. शालिनीवहिनींनी तिला दारातूनच हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं. एवढी वर्षं तिनं त्या हॉलमध्ये जेवणं वाढली, आणि स्वतः मात्र शेवटी, भांडी पडल्यावर, ओट्याशी उभ्यानं जेवायची. पानापुढे कसं बसायचं हेच तिला सुचेना. मी वरणाची बादली घेऊन वाढायला निघालो.

तिनं भात कालवला. पहिला घास घेतला. सगळं मंडळ तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "वरण जळला."

पंगतीत जो हशा उसळला! मग तिनं मठ्ठा प्यायला आणि डोळे मिटले. "समुद्र आहे," म्हणाली. पुन्हा हशा. मी म्हटलं, आता सोडतो की काय हिला! जिलबीचं ताट घेतलं आणि आग्रहाला लागलो. "आणखी एक. नाही कशी म्हणतेस? हा घास माझा, हा सरोजचा, हा डबीरांचा." ती पानावर हात आडवे धरत होती, हसत होती, आणि हसता हसता एकदम रडायला लागली. "आई पाहिजे होती," म्हणाली. "आईला वाढायला पाहिजे होतं कोणीतरी असं." मी एक जिलबी तिच्या पानाच्या वरच्या बाजूला वेगळी ठेवली. ती कोणाची हे तिला कळलं.

दोन दिवसांनी मंडळाच्या ऑफिसात आमचे एक सभासद वैद्य, त्यांचा फोन आला. दहा मेला साखरपुडा, शंभर पान, हॉल मिळेल का? मी नेहमीसारखा 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. "थांबा, विचारून सांगतो," म्हणालो. वैद्य म्हणाले, "कोणाला विचारणार? सेक्रेटरी तर तुम्हीच." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो.

ती कांदा चिरत होती, किल्ली पुन्हा कनवटीला. मी उंबऱ्यातच थांबलो. घसा खाकरला. जिभेला सवय नव्हती, शब्द जड जात होते.

"मनमायाबाई, दहा मेला साखरपुडा आहे, शंभर पानांचा. तुम्हाला जमेल का?"

विळी थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत. मग अगदी सावकाश पदरानं डोळे पुसले. कांद्यामुळे, असं तिनं मला नंतर सांगितलं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली. "उद्या या."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा विचारायला गेलो.