दरवाजा : बंद

ताईला सोल्डरिंग येतं म्हणजे तिला इलेक्ट्रॉनिक्स येतं, असं समजणारे लोक आमच्या नात्यात ढिगाने आहेत आणि मी त्यांच्यावर कायम खेकसत आले. अठरा वर्षं माझी ही थोरली बहीण स्टॅबिलायझरच्या कारखान्यात एकाच टेबलाशी बसून बोर्डांना डाग देते. त्या बोर्डांचं पुढे काय होतं हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही कधी विचारलं नाही. "मला काय करायचंय? डाग पक्का बसला म्हणजे झालं," एवढंच तिचं म्हणणं.

अशा बाईने घरात वायरलेस यंत्रं बसवली ती हौस म्हणून नाही. अण्णांसाठी बसवली.

अण्णा म्हणजे आमचे वडील. पाणी खात्यात व्हॉल्व्हमन होते. छत्तीस वर्षं खांद्यावर ती लांब लोखंडी चावी घेऊन एका वस्तीचं पाणी सोडायचं, दुसरीचं बंद करायचं. तीन वर्षांपूर्वी त्यांना विसर पडायला लागला. आमची नावं गेली, आई गेल्याचं विसरले, जेवलो की नाही तेही विसरले. कामावर जायचं तेवढं मात्र विसरले नाहीत. दुपारची झोप झाली की चप्पल पायात सरकवून निघायचे. अडवलं तर अंगावर यायचे, "लोक बादल्या घेऊन उभे असतील आणि तुम्ही मला इथे झोपवताय?"

दोनदा ते लांबच्या चौकात सापडले. मग ताईने एक दिवस बाहेरून कुलूप लावलं. संध्याकाळी येऊन बघते तर दारावर डोकं आपटून आपटून कपाळ फुटलेलं. तिला बघून हात जोडून म्हणाले, "बाई, मी काय चोरी केली हो?" त्या दिवशी तिने कुलूप कचऱ्यात टाकलं. नोकरी सोडावी तर चूल तिच्याच पगारावर पेटायची. माणूस ठेवावा तर सगळा पगार त्यालाच गेला असता. मी दुसऱ्या गावात, नवऱ्याच्या घरी, फोनवरून शहाणपणा शिकवत होते. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? "वृद्धाश्रमात ठेव," मी म्हटलं. तिने फोन आपटला आणि महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

कारखान्यात माल तपासायला एक माणूस आहे, त्याला सगळे चष्मिस म्हणतात. त्याने तिला काड्यापेटीएवढा एक बोर्ड आणून दिला. "यात वायफाय आहे. तुम्ही सांगाल ते करील." 

"सांगायचं कुठल्या भाषेत?" ताईने विचारलं. 

"तेवढंच घोडं अडतं," तो म्हणाला आणि एक जुना लॅपटॉपही देऊन गेला.

रोज संध्याकाळी अण्णांना जेवू घालून ती त्या लॅपटॉपसमोर बसायची. ओळीच्या सुरुवातीला एक जागा कमी सुटली तरी तो प्रोग्राम घ्यायचा नाही. "मेल्या, दोन सोडल्या काय नि तीन सोडल्या काय, तुझ्या बापाचं काय जातं?" असं ती त्याला म्हणायची. तीन आठवडे त्याने तिच्या नाकी नऊ आणले. ज्या दिवशी बोर्डावरचा बारीक दिवा तिच्या सांगण्यावरून पेटला, त्या दिवशी तिने अबोला मोडून मला फोन केला. "अगं, लुकलुकला!" मी म्हटलं, "दिवाच ना? आमच्याकडेही बटण दाबलं की लागतो." असलं बोलायची मला खोडच आहे.

पण तिने करून दाखवलं. दाराला लोहचुंबक, चौकटीला सेन्सर, बाजूच्या प्लगमध्ये मोबाइलचा जुना चार्जर आणि त्यावर तो बोर्ड. दार हललं की आतल्या खोलीतला लॅपटॉप तिच्या फोनवर निरोप धाडायचा. ती लगेच खालच्या मजल्यावरच्या काकूंना फोन करायची. काकू जिन्यात उभ्या राहून म्हणायच्या, "अण्णा, आज पाण्याला सुट्टी आहे." की अण्णा गुमान परत. निरोपाचे शब्द ताईने स्वतः लिहिले होते. दार उघडलं तर 'दरवाजा : उघडा', लागलं तर 'दरवाजा : बंद'.

चष्मिसने एक बरी सूचना केली, की बोर्डच बिघडला तर तेही कळायला हवं. तिने तेही घातलं. बोर्डाचं नाव दरवाजाच होतं. तो सुरू असला की 'दरवाजा : चालू' आणि वीज गेली, बिघडला की 'दरवाजा : बंद'. आता मला सांगा, दार बंद असतं, पंखा बंद असतो, नळ बंद असतो. आपल्या तोंडात एकच शब्द. चष्मिसने सगळं वाचलं, त्यालाही काही खटकलं नाही.

दोन महिन्यांत अकरा वेळा अण्णा जिन्यातून परत फिरले. ताई कारखान्यात चार घास शांतपणे खायला लागली. मी बघायला गेले तर तिने गादीखालीही एक सेन्सर ठेवलेला, गॅसपाशी दुसरा. सुपरवायझरनेही तिला टेबलावर फोन ठेवायची मुभा दिली होती. कारखान्यातल्या बायका तिला 'इंजिनियरबाई' म्हणत आणि ती लाजायची.

मग तो मंगळवार आला. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी फोनवर उमटलं, 'दरवाजा : बंद'. ताईने वाचलं. बंद आहे ना, मग झालं. तिने फोन पालथा ठेवला आणि पुढचा बोर्ड घेतला.

झालं होतं ते असं. अण्णा उठले, चप्पल घातली आणि बाहेर पडायच्या आधी घरातली बटणं बंद करत आले. जन्मभर तेच केलेला माणूस. दिवा चालू ठेवून बाहेर पडलो म्हणून लहानपणी आम्ही दोघींनी पाठीत धपाटे खाल्लेले आहेत. गेले दोन महिने ते ही सवय विसरले होते आणि नेमकी त्या दिवशी आठवली. पंखा, दिवा आणि दाराजवळचं ते तिसरं, चार्जरचं बटण. बोर्ड मेला. लॅपटॉपने इमानदारीत 'बंद' कळवलं. त्यानंतर दार उघडलं ते सांगायला कुणी उरलंच नव्हतं.

ताई सहाला घरी आली तर तिन्ही बटणं बंद आणि दार सताड उघडं. तिने रस्ते पालथे घातले, पोलीस चौकीत गेली, मला फोन केला. मला वाटलं ती रडेल. ती नुसतं "बंद लिहिलं होतं गं, बंद लिहिलं होतं" म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता झाडणाऱ्या बाईंना अण्णा सापडले. एका नव्या बांधकामामागे व्हॉल्व्हचा खड्डा होता, त्याचं झाकण कुणीतरी पळवलेलं. रात्रभर ते त्या चिखलात पडून होते. बाई सांगत होत्या, आतून आवाज येत होता, "थांबा, सोडतोय, सोडतोय."

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा डॉक्टर नुकतेच बाहेर आले होते. "खुब्याचं हाड मोडलंय. जीव वाचेल. पण आता हे पुन्हा चालायचे नाहीत." ते गेले आणि माझा तोल सुटला. कॉरिडॉरमध्ये, लोकांदेखत मी ताईला फाडून खाल्लं. "जगात दुसरा शब्द नव्हता का? 'बोर्ड मेला' लिहायला तुझे हात झडले होते?"

तिने सगळं ऐकून घेतलं. बोटांवरचे डागाचे चटके चोळत बसली होती. मग हळूच म्हणाली, "तुला एक सांगू? डॉक्टर म्हणाले ना, चालणार नाहीत म्हणून... तेव्हा मला बरं वाटलं. रडू नंतर आलं गं. आधी बरंच वाटलं." आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मी कसली मुलगी आहे?"

"असलं अभद्र बोलू नये, ताई," मी म्हटलं. तिचे डोळेसुद्धा पुसले.

डॉक्टर बोलले तेव्हा माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं होतं. मी ते तिला अजून सांगितलेलं नाही.