चाल ओळखणारी हंसा

समोरून माणूस आला की हंसा त्याच्या तोंडाकडे बघायची नाही, पायांकडे बघायची. "तोंड बदलता येतं, चाल नाय बदलता येत," असं ती सांगायची. वर्गात तिला सगळे 'गुप्तहेर' म्हणत. त्याचं तिला वाईट वाटत नसे.

साठनंतरची ती वर्षं. आम्ही दोघी पंधरा वर्षांच्या. माझे वडील साताऱ्याकडून बदलून आलेले शिक्षक. आम्ही सातपाटीत राहायचो आणि शाळेसाठी दोघी एसटीने पालघरला जायचो. हंसाचे वडील मासेमारीच्या होडीवर तांडेल होते, होडी त्यांच्या हुकमाने चालायची. त्या कार्तिकात होडी वादळात सापडली. बाकीचे फळ्यांना धरून वाचले. हंसाचे वडील मिळाले नाहीत, त्यांचा देहही मिळाला नाही. हंसा रडली नाही. तिसऱ्या आठवड्यात ती शाळेत आली आणि राहिलेला भूगोल उतरवून घेऊ लागली.

पोरीचं मन रमेल म्हणून तिच्या मामाने आम्हाला पालघरला तंबूतल्या सिनेमाला नेलं. रहस्यपट होता. त्यात मेलेला समजलेला बाप शत्रूने दूर कुठेतरी डांबलेला असतो आणि मुलगी त्याला त्याच्या चालीवरून ओळखते. परतताना हंसाने माझं मनगट घट्ट धरलं. "बघितलंस ना? त्यांच्या घरच्यांनी पण तेरावा घातला होता."

त्या दिवसापासून एसटीत ती रोज मला पुढची गोष्ट सांगू लागली. बापाला एका चोरट्या जहाजाने उचललं. त्यांना स्वतःचं नाव आठवत नाही. दर्यापासून लांब, डोंगराकडे कुठेतरी ते मजुरी करतात. एखाद्या बैलगाडीच्या दोराची गाठ दाखवून ती कुजबुजायची, "ही गाठ आमच्या बापसाची हाय." ती इतकं बारकाईने सांगायची की मला गोष्टीची चटक लागली.

पौषात तिची गोष्ट थांबली. दोन दिवस खिडकीबाहेर बघत बसली, तिचे डोळे भरून येत होते. मला ते सोसेना. मी म्हणाले, "काल बाबांबरोबर तिकडे डोंगराकडे, मनोरच्या बाजारात गेले होते. एक माणूस उजवा पाय बाहेर टाकत चालत होता." तिचे वडील तसे चालायचे.

"सदरा कुठला?"

"निळा."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. दुपारी मी घरी पोहोचले तर तिची आई मासळीची पाटी घेऊन दारात उभी. "हंसा कुठं गेली, तुला ठाव हाय?" मी रडत सगळं सांगितलं. बाबा, तिची आई आणि मी मनोरला गेलो. बाजारातल्या एका ओट्यावर हंसा बसली होती, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत.

आई रागावली नाही. शेजारी बसली. "हंसे, त्याला दर्यानं नेला. मानसानं नेला असता तर मी घरी बसले असते काय?"

हंसा त्या भर बाजारात आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

परतीच्या एसटीत मी तिला म्हणाले, मी खोटं बोलले.

"ठाव होतं," ती म्हणाली. "सदऱ्याचा रंग तू लगेच सांगितलास. खरं बघितलेलं जरा आठवायला लागतं."

"मग गेलीस कशाला?"

"कुठंतरी बघायला तरी जायचं होतं. दर्यात कुठं बघू?"

उन्हाळ्यात बाबांची बदली झाली. तोवर हंसा शाळा सोडून आईबरोबर पाटी घेऊन जाऊ लागली होती. निरोपाला गेले तेव्हा ती बोंबील वाळत घालत होती. खारट हातांनीच तिने माझे दोन्ही हात धरले. दोष दिला नाही, गोष्टही सांगितली नाही. पुन्हा आमची भेट झाली नाही.

पुढे मी शिक्षिका झाले. घरातलं माणूस गेलेली मुलं वर्गात येत. बाप परदेशी गेलाय, आई मामाकडे गेलीये, असं काहीबाही सांगत. मी हातातलं काम ठेवून ऐकायची. त्यात माझं एकही वाक्य घालत नसे.