चार बोटं मागे

माझ्या उंचीचा विषय घरात मी सातवीत असताना निघाला आणि लग्न ठरेपर्यंत मिटला नाही. "एवढ्या ताडमाड पोरीला नवरा कुठून आणायचा?" असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, जणू मी हट्टानेच वाढत होते. शेवटी नवरा मिळाला तो माझ्याहून जेमतेम दोन बोटं उंच. उभे राहिलो की आम्ही शोभतो. बसलो की खरी गंमत कळते. त्याची सगळी उंची पाठीत आहे आणि माझी पायांत, त्यामुळे बसल्यावर मी त्याच्या खांद्याला लागते.

हे सांगायचं कारण आमची गाडी. नवऱ्याने ती घरीच बांधली. सोलापुरात सासऱ्यांचा मागाचा कारखाना होता. माग विकले गेले, रिकामी शेड राहिली, आणि त्या शेडमध्ये त्याने चौकोनी पाइप जोडून सांगाडा उभा केला. भंगारात निघालेल्या एका गाडीचं इंजिन त्यात बसवलं. पाइप धरणं, कानस मारणं, रंग देणं ही कामं माझ्याकडे. दोन माणसांची, बिनछपराची, जमिनीला पोट लागेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. डोक्यामागे एक जाड लोखंडी कमान, गाडी उलटलीच तर डोकं वाचावं म्हणून. त्यामुळे बसणाऱ्याचं डोकं कमानीच्या खाली राहायलाच हवं. आत जागा इतकी थोडी की सीट मागेपुढे सरकवायची सोय नव्हती. ज्याच्या मापाने सीट ठोकली, गाडी त्याचीच.

ते माप कुणाचं, हे कुणी विचारलंच नाही. नवऱ्याचं, आणखी कुणाचं? मीही तसंच धरून चालले होते.

सांगाडा चाकांवर उभा राहिला त्या दिवशी सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि शेडच्या दारात हुकूम सोडला, "लक्ष्मी हाय ती. चपला भाईर काढून आत जायचं." सासूबाई कर्नाटकच्या सीमेकडच्या दुधनी गावच्या. त्यांच्या शब्दापुढे जायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. तेव्हापासून आम्ही दोघं त्या शेडमध्ये अनवाणी.

रविवारी दुपारी सगळे आडवे झाले की मी एकटी तिथे जायचे. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडलेले असायचे आणि त्यात धूळ अगदी सावकाश तरंगायची. सीट नव्हतीच, मी नुसत्या पत्र्यावर बसायचे, हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. थोड्या वेळाने गाडी चालू लागायची. गाव मागे पडायचं, कडुलिंब सरकत जायचे, दोन्ही बाजूंना ज्वारी, वर नुसतं आभाळ. आवाज कसलाच नाही. कधी कधी वाटायचं, रस्ताच माझ्याकडे येतोय आणि मी नुसती बसून आहे. त्या स्वप्नात नवरा कुठे बसलेला असायचा, ते मला कधी दिसलं नाही.

सीटचा शोध मात्र जागेपणीचा होता. आधी भंगारातून जीपची सीट आणली. तिच्यावर बसल्यावर नवऱ्याचं डोकं कमानीच्या वर वीतभर निघालं. मग शर्यतीच्या गाडीची म्हणतात तसली टबासारखी सीट मागवली. त्यात मी बसले ती अडकलेच. नवऱ्याने दोन्ही हात धरून ओढलं तेव्हा सुटले. रिक्षांच्या गाद्या शिवणारे एक चाचा माप घ्यायला आले होते. ते तोंड फिरवून हसत राहिले.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "खुर्ची कशाला पायजे? जेवाया बसताव तसं खाली बसा की."

तेच केलं. सीट रद्द. तळाच्या पत्र्यावर पातळ गादी आणि पाठीला तिरकी फळी. "ये तो गादी हुई, इसको सीट नक्को बोलो," असं म्हणत चाचांनी ती शिवून दिली. नवरा बसला आणि त्याचं डोकं कमानीखाली अलगद गेलं. सगळे खूश. मग मी बसले, तर माझे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले. फळी मागे घ्यावी तर तिच्यामागे पेट्रोलची टाकी. ती नवऱ्याने स्वतः पत्रा वळवून केलेली, लेकरासारखी जपलेली.

"तू शेजारी बसशील ना," तो सहज म्हणाला. "तिकडे पाय लांब होतात."

माझं टाळकंच फिरलं. "रिक्षात मी वाकते, ऑफिसच्या टेबलाशी वाकते, तुमच्या ओट्यावर पोळ्या लाटताना वाकते. फोटोत मागे उभी राहून वाकते. या गाडीचं लोखंड मी घासलंय. मला ती चालवायची आहे, आणि वाकून नाही!" एका सीटवरून रडू यावं याची लाज वाटली, म्हणून आणखी राग आला.

काही दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. मग एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर शेडमध्ये ग्राइंडर चालू होता. त्याने टाकी कापून चपटी केली होती, मागचा पत्रा कापून फळी चार बोटं मागे घेतली होती, तिच्याबरोबर स्टिअरिंगही. "बस," एवढंच म्हणाला. मी बसले. गुडघे खाली गेले, टाचा टेकल्या, पाय सैल पडले. मी कितीतरी वेळ उठलेच नाही.

घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायला कागद मिळत नाहीत. म्हणून टेम्पोत घालून ती मंद्रूपला, सासूबाईंच्या भावाच्या शेतात नेली. तिथे बांधालगत मुरुमाची लांब, सरळ वाट आहे. पहिला मान मला दिला. मी त्या दिवसासाठी खास बूट घेतले होते. ऐटीत आत बसले, आणि गुडघे पुन्हा स्टिअरिंगला! बुटाचं टोक वरच्या पत्र्याला अडकलं, ब्रेकवर पाय जाईना. आम्ही दोघांनी खाली माझ्या पायांकडे बघितलं. शेडमध्ये घेतलेलं एकूण एक माप अनवाणी पायांचं होतं.

नवरा कपाळाला हात लावून म्हणाला, "परत कापावं लागणार."

"कशाला कापतूस?" बांधावरून सासूबाई ओरडल्या. "पायातलं काढ की गं. लक्ष्मीत जोडं घालून कोण बसतंय?"

बूट काढून दिले आणि निघाले. पेडलचं लोखंड तळव्याला कोमट लागत होतं. तळाच्या पत्र्यातून मुरुमाची खरखर टाचेत येत होती. वारा तोंडावर, ज्वारी दोन्ही अंगांनी मागे पळत होती, आणि माझे पाय समोर लांब पसरलेले. मी मोठमोठ्याने हसत होते. कुणाला ऐकू जाणार होतं? वाट संपली तेव्हा झोपेतून उठवल्यासारखं वाटलं.

परत आल्यावर नवऱ्याची पाळी. तो बसला, क्लचकडे पाय नेला. क्लच अर्ध्यावरच राहिला. पाय पुरत नव्हता. सासूबाईंची नजर चुकवून त्याने बूटसुद्धा चढवून पाहिला, तरी नाही. मी माझी ओढणी गुंडाळून त्याच्या पाठीमागे खुपसली, तर पोट स्टिअरिंगला लागलं. मला हसू आवरेना. तोही हसला, पण त्याच्या चेहऱ्यावर नवल मुळीच नव्हतं. तेव्हा माझं हसू थांबलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पत्रा कापायच्या आधी फळी-टाकी काढून, मागे सरकून बसून बघितलं होतं मी."

"मग?"

"मग काय? कापला."

एवढी वर्षं खपून बांधलेली गाडी तो स्वतः कधीच चालवणार नव्हता, आणि हे त्याने एका संध्याकाळी एकट्याने ठरवून टाकलं होतं. मला भडभडून आलं. तो मात्र उतरला, पँट झटकली, वळसा घालून पलीकडे बसला आणि पाय लांब केले.

"चल," म्हणाला, "मला दाखव तरी कशी पळते ती."