डाव्या वळणावरचा आवाज

आमच्या जुन्या जीपच्या मागच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज यायला लागून पंधरा दिवस झाले होते. बेअरिंग गेलंय हे सगळ्यांनाच कळलं होतं. डाव्या चाकाचं की उजव्या, एवढंच ठरायचं होतं. ते मी ठरवलं. त्याचा मला अजून राग येतो, स्वतःचाच.

आप्पा, म्हणजे माझे वडील, डिंगोऱ्याहून आम्हा सात मुलींना रोज जुन्नरला कॉलेजात सोडतात. सोमवारी सकाळी आमची प्रॅक्टिकलची परीक्षा होती आणि त्या वेळेला एसटी नाही. म्हणजे रविवारी गाडी नीट झालीच पाहिजे होती.

शनिवारी घरी पोचल्यावर आप्पांनी मागच्या दोन्ही चाकांना हात लावून पाहिला. "उजवं जास्त तापतंय वाटतं," ते म्हणाले.

"नाही आप्पा, डावं असणार. गाडी डावीकडं वळली की आवाज वाढतो ना."

त्यांनी मान डोलावली. आमच्या घरात दहावीपुढे शिकलेली मी पहिलीच. एरवी मी ठामपणे काही बोलत नाही. त्या दिवशी का बोलले, मला सांगता येत नाही.

जुन्नरच्या रविवारच्या बाजाराच्या गर्दीतून वाट काढत आम्ही आमच्या नेहमीच्या मेकॅनिकच्या, चाचांच्या, गॅरेजवर पोचलो. "कुठलं चाक?" चाचांनी विचारलं.

"डावं," आप्पा म्हणाले. "पोरगी फिजिक्स शिकतीय."

"मग आमी कशाला तपासायचं, राव? ताई, उद्या साहेब झालात की आमाला कामाला ठेवा."

मी हसले. आता ते हसू आठवलं तरी नको वाटतं.

ब्रेकचा ड्रम गंजून चिकटला होता. डिझेल ओतलं, हातोडीनं ठोकलं, पुन्हा ओतलं. पाऊण तास त्यातच गेला. मग चाक फिरवणारा लांब शाफ्ट ओढून बाहेर काढला, बेअरिंगला धरून ठेवणारी कडी ग्राइंडरनं कापली, जुनं बेअरिंग ठोकून काढलं. नवं बेअरिंग दाबून बसवायची मशीन पलीकडच्या लेथवाल्याकडे होती आणि तो दोन वाजता लग्नाला निघणार होता. आम्ही शाफ्ट घेऊन पळालो. तोवर तेल अडवणारं रबरी सील चुकीच्या मापाचं मिळाल्याचं कळलं, म्हणून मी पुन्हा दुकानात पळाले.

परत आले तेव्हा चाचा जुनं बेअरिंग फडक्यानं पुसून बोटावर फिरवत होते. ते फिरत राहिलं, गुळगुळीत, बिनआवाजाचं.

"ह्याला तर काय बी झालेलं न्हाई," चाचा हळूच म्हणाले. "पण काढताना ठोकलंय, आता परत बसवता यायचं नाय."

त्या क्षणी मला मागच्या सेमिस्टरचा पेपर आठवला. वळणावर गाडीच्या बाहेरच्या चाकांवर भार वाढतो. गाडी डावीकडे वळली तर उजव्या चाकांवर. मी आकृती काढून पूर्ण मार्क मिळवले होते. आणि रोज त्याच गाडीत बसून मला ते सुचलं नव्हतं.

उजवं चाक खोलून दुसरं बेअरिंग आणेपर्यंत लेथवाला कुलूप लावून गेला होता. त्याच्या बंद दुकानाच्या पायरीवर मी आणि आप्पा बसून राहिलो. उद्याच्या सहा मुलींना काय सांगायचं, ते मला सुचत नव्हतं.

"आप्पा, तुमच्या हाताला कळलं होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"बोललो व्हतो की."

"एकदाच."

"तू शिकलेली," ते म्हणाले. "मला वाटलं, हात चुकला आसंल."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

लेथवाला साडेपाचला आला, कपाळावर अक्षतांचे दाणे तसेच. आधी शाफ्ट घेतला, मग शर्ट बदलला. सातच्या सुमाराला आम्ही डिंगोऱ्याच्या रस्त्याला लागलो. डावं वळण आलं तसे आप्पा काच खाली करून म्हणाले, "बघ गं, येतोय का आवाज?"

मला कळलं होतं, पण मी म्हणाले, "तुम्ही सांगा."

त्यांनी वळण पूर्ण होऊ दिलं. पुढचं वळणही होऊ दिलं. मग म्हणाले, "न्हाई. गेला."